दारावरचा डोळा

आमच्या गल्लीत पूर्वी रात्री बाराच्या सुमारास काठीचा ठोका ऐकू येई. चौकीदार नेपाळकडचा होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दारात उभा राहून सलाम करी, आणि आम्ही त्याच्या हातावर प्रथम वीस, पुढे पन्नास आणि अखेरीस शंभर रुपये ठेवीत असू. त्याने कधी एखादा चोर पकडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु काठी वाजली की आमच्या सौ. अर्धवट झोपेत "आला हो" म्हणून कूस बदलीत, आणि मग घर खऱ्या अर्थाने झोपी जाई. २०२० च्या टाळेबंदीत तो गावी गेला तो परतला नाही. गल्लीनेही त्याच्या जागी दुसरा शोधला नाही.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक माणूस आमच्या शाहपुऱ्याच्या घरी आला आणि आईपाशी पाणी मागू लागला. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. दार नुसते लोटून ठेवायचे, कडी लावायची नाही, ही तिची जुनी सवय. ती पाणी आणावयास आत वळली आणि परत येते तो माणूस नाही व ओसरीतील मेजावर ठेवलेला सौ.चा मोबाइलही नाही. सायंकाळी आम्ही विचारले, "आई, माणूस कसा होता दिसायला?" ती म्हणाली, "तहानलेला होता." पोलिसांच्या उपयोगी पडावे असे हे वर्णन नव्हते.

चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनी त्याच रात्री फोनवरून फर्मान काढले, "बाबा, आता कॅमेरे लावाच. आणि एक आजीच्या खोलीत लावा, म्हणजे मला इथून पाहता येईल." पहिली सूचना आम्हांस पटली. दुसरीविषयी आम्ही उभयता गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तेव्हा दुकानदाराने आमच्यापुढे ओळीने सात डोळे मांडले. "ये दो मेगापिक्सेल, ये पाँच, ये आठ. रात में भी रंगीन दिखेगा, भाईसाहब." वांगी निवडताना जितकी अक्कल आम्हांस आहे तितकीही या वस्तूंविषयी नव्हती; पण या वेळी आम्ही पिशवी उघडली नाही, कारण दुधाने आमचे तोंड एकदा पोळलेले होते. ती हकीकत घरची नव्हे, छापखान्याची आहे, आणि सांगावयास फारशी सुखद नाही.

आमचा छोटा छापखाना एम. पी. नगरात आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रगतिपत्रकांचे काम. एक यंत्र, तीन मुले आणि चाचा. चाचा म्हणजे आमचे जिल्दसाज. पुस्तकबांधणी करणाऱ्यास इकडे याच नावाने ओळखतात. १९९१ साली छापखाना निघाला त्या दिवसापासून ते आहेत, आणि कागदाच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. २०२१ मध्ये आम्ही तेथे चार कॅमेऱ्यांचा संच बसविला, तो केवळ स्वस्त मिळाला म्हणून. बसवावयास आलेल्या मुलाने विचारले, "कहाँ-कहाँ लगाऊँ?" आम्ही म्हणालो, "तुला योग्य वाटेल तेथे." त्याने एक गल्ल्यावर, एक यंत्रावर, एक बोळात आणि एक चाचांच्या मेजाच्या बरोबर वर लावला. कारागिरावर नजर असावी, असे त्याचे शास्त्र. कोठीच्या दारावर एकही नव्हता, ही गोष्ट आमच्या ध्यानात दोन वर्षे आली नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात महिनाअखेरीच्या मोजदादीत आठ रीम आर्ट पेपर कमी भरला. माल महिन्याच्या नऊ तारखेस आला होता. आम्ही मोठ्या उत्साहाने यंत्र उघडून पाहिले, तर त्यात केवळ गेल्या सहा दिवसांची चित्रे. त्यामागचे सारे पुसलेले. मग जे यंत्राला विचारावयाचे ते आम्ही माणसाला विचारले, आणि तेही तिन्ही मुलांच्या देखत. "चाचा, ज़रा याद करके बताइए." चाचांनी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "भैया, कैमरा तो मेरे ही सर पर लगा है. उसी से पूछ लीजिए."

सतरा दिवसांनी उलगडा झाला. हातगाडीवाल्याने आठ रीम त्याच इमारतीतील दुसऱ्या छापखान्यात उतरविले होते, आणि त्यांच्या वहीत त्याची नोंदही होती. आम्ही सर्वांसमक्ष तसे सांगितले. चाचा "चलो, अच्छा हुआ" एवढेच बोलले. बत्तीस वर्षे दुपारी आम्ही एकत्र डबा खात आलो होतो. त्या दिवसापासून ते आपला डबा आपल्या मेजावर उघडू लागले.

तेव्हा घरासाठी कॅमेरे घेताना आम्ही प्रथम कागद-पेन्सिल घेतली. छापखानेवाल्यास रिमाचा हिशेब येतो, तर या वस्तूचा का येऊ नये? आणि खरोखरच तो अवघड नाही. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने अखंड लिहीत राहिला तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा खातो. चार कॅमेरे ८६ गिगाबाइटच्या वर खातात. आमच्या जुन्या संचात ५०० गिगाबाइटची डिस्क होती. ती सहाव्या दिवशी भरे आणि यंत्र सर्वांत जुने पान पुसून त्यावर नवे लिहू लागे. त्यात यंत्राची लबाडी काही नव्हती. महिन्यातून एकदा मोजदाद करणाऱ्याने सहा दिवसांची स्मृती विकत घेतली होती, इतकेच. संपूर्ण महिना साठवावयाचा तर चार कॅमेऱ्यांना २.६ टेराबाइट लागतील. हल्लीची यंत्रे चित्र अधिक दाबून साठवितात व जवळजवळ निम्म्या जागेत भागवितात हे खरे. तरी हिशेब सढळ धरावा.

घरी तीन कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची डिस्क पंधरा दिवस पुरते. घरातून काही गेले तर ते पंधरा दिवसांत ध्यानात येतेच, म्हणून तेवढीच घेतली. मात्र ती साध्या संगणकाची न घेता, रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनविलेली घ्यावी. दुकानदार पुष्कळदा जुनी डिस्क पुसून देतात. पावतीवर तिचा क्रमांक लिहून घेतला की त्यांचा हात थोडा आखडतो.

दुसरा घोळ मेगापिक्सेलचा. आकडा जितका मोठा तितका चेहरा स्पष्ट, असे आम्हांसही वाटे. आंतरराष्ट्रीय मानक असे सांगते की अनोळखी माणसाची ओळख निश्चित पटावयाची तर चित्रात एक मीटर रुंदीला २५० बिंदू पडले पाहिजेत. ओळखीचा माणूस ओळखावयाचा तर १२५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० बिंदू असतात, म्हणजे साडेसात मीटरहून फार रुंद देखावा त्याला झेपत नाही. आता बाजारात सर्रास मिळते ते २.८ मिलिमीटरचे भिंग इतके रुंद पाहते की सव्वातीन मीटरवरच ही मर्यादा संपते. आमचे फाटक ओसरीपासून सात मीटरवर. तेथे सहा मिलिमीटरचे भिंग लावले तर देखावा अरुंद होतो, पण आठ मीटरपर्यंत चेहरा हाती लागतो. आठ मेगापिक्सेलच्या मागे धावलो असतो तर कॅमेरा महाग, डिस्कही कितीतरी मोठी. योग्य भिंग मागितले तर किमतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही, कारण त्याच्या खोक्यात २.८ चेच असतात. फाटकास सहाचे, ओसरीस व मागच्या बोळास २.८ चे, असे आम्ही ठरविले, आणि कॅमेरे साडेआठ फुटांवर लावविले. फार उंच लावला तर पुरावा म्हणून हाती टोपी येते.

वायफायचा कॅमेरा घ्यावा की तारेचा, यावर सौ. आणि चिरंजीव यांचा फोनवर अर्धा तास वाद चालला. वायफायचा दोन-अडीच हजारांत येतो, भोके पाडावी लागत नाहीत, भाड्याच्या घरात तोच बरा. परंतु तो चित्रे स्वतःच्याच पोटातील कार्डावर साठवितो. चोराने कॅमेराच उपटून नेला तर पुरावाही त्याच्याबरोबर जातो. दूरच्या संगणकावर साठविण्याची सोय असते, पण तिची वर्गणी वर्षानुवर्षे भरावी लागते. आमच्या भिंती नऊ इंची विटांच्या, आणि इंटरनेटचे यंत्र मधल्या खोलीत. तेव्हा तार जिंकली. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासारखे ते पेटीवजा यंत्र आम्ही दूरदर्शन संचाशेजारी न ठेवता माळ्यावर, हवा खेळेल अशा जाळीच्या कपाटात ठेवले.

भोपाळचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना विजांविषयी सांगावयास नको. लांब तार गच्चीवरून गेली की कडाडणारी वीज तिच्यातून थेट यंत्रात उतरू शकते. म्हणून तार भिंतीच्या कडेने, नळीतून नेली, अर्थिंग तपासून घेतले आणि वीज गेल्यावर तासभर तग धरील असा लहान यूपीएस जोडला. सारे मिळून पंधरा हजारांच्या आत बसले. कोळ्यांचा हिशेब मात्र कोणीच सांगितला नव्हता. रात्री कॅमेऱ्याभोवतीच्या अदृश्य दिव्यांकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो, आणि मध्यरात्री फाटकाच्या जागी पडद्यावर एक पांढरा, हलणारा पडदा दिसतो. पंधरवड्यातून एकदा केरसुणी फिरवावी लागते.

बसविणाऱ्याने ठेवलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा, हेही आवर्जून सांगावेसे वाटते. कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द कोणी न बदलल्याने २०१६ मध्ये जगभरातील हजारो घरगुती कॅमेरे आणि यंत्रे 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीच्या ताब्यात गेली, आणि २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकांना आपला डोळा परक्याच्या चाकरीत आहे याचा पत्ताही नव्हता. आपल्या सरकारनेही २०२५ च्या ९ एप्रिलपासून कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची चाचणी बंधनकारक केली आहे. तेव्हा एखादा संच नवलाने स्वस्त मिळत असेल तर तो त्यापूर्वीचा माल तर नव्हे, हे विचारून घ्यावे.

आणि घड्याळ. आमच्या जुन्या यंत्राचे घड्याळ चाळीस मिनिटे मागे होते. न्यायालयात अशा चित्रफितीला किती कसोट्या लावतात हे आपल्या जालन्याच्या खटल्याने सर्व देशास शिकविले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथील काही उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचा. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात स्पष्ट केले की मूळ यंत्रच हजर करता येत नसेल तर चित्रफितीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमातही ती अट आहे, आणि प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या शेवटी छापलेला आहे. म्हणजे मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून पोलीस ठाण्यात धावत जाणे पुरेसे नाही. प्रत लगेच वेगळी काढावी, यंत्र पुसू देऊ नये, आणि घड्याळ बरोबर ठेवावे.

एवढी सिद्धता झाल्यावर चिरंजीवांची दुसरी सूचना पुन्हा पुढे आली. त्यांचे म्हणणे अगदीच अयोग्य नव्हते. आम्ही दिवसभर छापखान्यात, सौ. शाळेत, आई पडली तर कोणाला कळणार? आम्ही तिला विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फाटकावर लाव, ओसरीत लाव. माझ्या खोलीत डोळा नको. मी लुगडे नेसते तिथे, आणि रडायचे झाले तर तिथेच रडते."

कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत एका सामाईक घरातील भावाभावांच्या वादात असेच म्हटले आहे: घराच्या राहत्या भागात, सहनिवासी व्यक्तीच्या संमतीवाचून कॅमेरे लावणे हा तिच्या खाजगीपणावर घाला आहे. आईने तो निर्णय वाचलेला नाही.

ओसरीच्या कॅमेऱ्याविषयीही तिला आणखी काही सांगावयाचे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून जी पुष्कळ मराठी माणसे इकडे आली त्यांत आमचे वडील होते. दोन वर्षांनी आई लग्न होऊन आली ती तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरात, आणि १९८४ मध्ये आम्ही तेथेच होतो. २ डिसेंबरची रात्र उलटल्यावर जुन्या शहराकडून माणसे पळत येऊ लागली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटले होते, हे आम्हांस पुढे वर्तमानपत्रातून कळले. त्या वेळी कळले ते इतकेच की बाहेर कोणीतरी दोन्ही हातांनी दार बडवीत आहे. वडील कडीवर हात ठेवून उभे राहिले. "कोण आहे?" त्यांनी दोनदा विचारले. बाहेरून उत्तर नव्हते, केवळ खोकला. आईने त्यांना बाजूस सारून दार उघडले. सकाळपर्यंत आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसे होती, आणि आम्ही बादल्या भरभरून त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतीत होतो.

"त्या रात्री दारावर तुझा हा डोळा असता," आई म्हणाली, "तर तुझ्या बाबांनी आधी त्यातून पाहिले असते. आणि मग काय केले असते, देव जाणे."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. मात्र आम्ही तिला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची गोष्ट सांगितली. तिच्या व पतीच्या कामाच्या वेळा जुळत नसत. अवेळी घरी एकटी असताना कोणी दार ठोठावले तर ते न उघडता पाहता यावे म्हणून तिने दारास सरकता कॅमेरा आणि आत पडदा, बोलण्यासाठी ध्वनियंत्र आणि दुरून कडी काढण्याची कळ अशी योजना पतीच्या साहाय्याने आखली. १९६६ साली केलेल्या अर्जावर त्यांना २ डिसेंबर १९६९ रोजी पेटंट मिळाले. तारीख ऐकून आई आमच्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे दार उघडायची कळही होती ना त्यात?" होती, असे म्हटल्यावर तिची ओसरीविषयीची हरकत संपली.

तिच्या खोलीत कॅमेरा नाही. तेथे आम्ही जुन्या टॅबलेटवर ओसरीचे चित्र लावून ठेवले आहे. पाहणारी ती, पाहिले जाणारे बाहेरचे. पडण्याच्या भीतीवर उपाय म्हणून गळ्यात घालावयाची घंटेची कळ घेतली. ती दाबली की शेजारच्या वहिनींकडे घंटा वाजते. याच वहिनींच्या अंगणाचा एक कोपरा आमच्या बोळातील कॅमेऱ्यात येत होता. पाहताच तो कॅमेरा वळविला, आणि उरलेला भाग यंत्रातील सोयीने काळा करून टाकला. त्यांना बोलावून दाखविलेही. पुढे तक्रार यावी आणि मग दाखवावे, त्यापेक्षा हे बरे.

मराठीत राखण आणि पाळत असे दोन वेगळे शब्द आहेत. दुकानातल्या खोक्यावर मात्र दोन्हींसाठी एकच शब्द छापलेला असतो, आणि बसविणारा मुलगा "कहाँ लगाऊँ" म्हणून विचारतो तेव्हाच काय तो फरक करण्याची संधी असते. छापखान्यात ती आम्ही घालविली होती.

घरचे काम आटोपल्यावर आम्ही त्याच माणसास छापखान्यात नेले. तिन्ही मुले होती, चाचा होते. आम्ही म्हणालो की चाचांच्या मेजावरचा कॅमेरा आज काढावयाचा आहे. तो तेथे लावणे ही आमची चूक होती, आणि त्या दिवशी सर्वांसमक्ष विचारणे ही त्याहून मोठी. हे वाक्य आम्ही घरून पाठ करून नेले होते, तरी मध्ये अडखळलो. चाचा वर न पाहता म्हणाले, "निकालिए मत. कोठी की तरफ़ घुमा दीजिए." आणि उठून शिडी धरावयास आले.

नवी मोठी डिस्क घेतली नाही. एक टेराबाइटचीच बसविली. ती चार कॅमेऱ्यांना अकरा दिवस पुरते, आणि मोजदाद आता महिनाअखेरीस न करता दर शनिवारी होते. चाचा रीम मोजून आकडा सांगतात, आम्ही वहीत लिहितो, आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. चहा त्यांच्याकडून येतो. डबा मात्र ते अद्याप आपल्या मेजावरच उघडतात.